देवराव बुटका कसा?

फोटोग्राफरला गिऱ्हाईक दोनच गोष्टी सांगतं. एक, 'चांगला काढा'. दुसरी, 'जरा मोठा करून द्या'. 'तुम्ही नीट जागेवर उभे राहा' असं मला आजवर कोणी सांगितलं नाही. आमच्या धंद्याचं निम्मं मर्म त्यात आहे, आणि ते कळायला मला एका म्हाताऱ्या चहावालीचं नुकसान करावं लागलं. तेही कोणाला हात न लावता, सत्तर पावलांवरून.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, 'हमीदभाई, साऱ्या कारकिर्दीवर लिहा.' नेरच्या बसस्टँडजवळ स्टुडिओ थाटून माझा जन्म गेला. त्यातली बरीच वर्षं 'हनुवटी खाली, डोळे उघडे' एवढं म्हणण्यात गेली. त्यावर किती लिहिणार? म्हणून मी फक्त कापाकापीबद्दल लिहितो. फोटोच्या.

आधी थोडं शिकवणं आलं. लेन्सवर एक आकडा असतो. आकडा लहान, म्हणजे अठरा-वीस असा, तर अख्खं अंगण फोटोत मावतं. आकडा मोठा, दोनशे-तीनशे, तर अंगणापलीकडच्या झाडावरचा कावळा तेवढा येतो. मधे पन्नास. गावातल्या फोटोग्राफरची लेन्स पन्नासची. मी अमरावतीहून पहिला डिजिटल कॅमेरा आणला, वापरलेला, तोही पन्नासच्या एकाच लेन्ससकट. बाकीच्या लेन्सा मी आजवर दुसऱ्यांच्या गळ्यात पाहिल्या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बाहेरगावचे पत्रकार गाड्या भरून आमच्या जिल्ह्यात यायचे, आणि आले की वाटाड्या, दुभाष्या आणि बॅटरी चार्ज करून देणारा म्हणून माझ्याकडे पाठवले जायचे. त्यात एकदा पुण्याचा एक तरुण फोटोग्राफर आला. त्याच्या गळ्यात दुधाच्या कॅनएवढी लेन्स. मला कितीतरी दिवसांपासून एक शंका छळत होती, ती मी त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, "साहेब, तुम्ही अडीचशेच्या लेन्सनं काढा, मी पन्नासनं काढतो. जागा एकच. मग मी माझ्या फोटोतला मधला तुकडा कापून मोठा करतो. बघू काय फरक पडतो."

तो हसला, पण आला. आम्ही स्टुडिओच्या गच्चीवर एकाच्या जागी एक उभे राहिलो आणि स्टँडवर पान खाणाऱ्या एका कंडक्टरचे फोटो काढले. खाली येऊन दोन्ही फोटो संगणकावर शेजारी लावले. माझ्या फोटोचा पाचव्या हिश्श्याएवढा रुंद तुकडा कापला. कंडक्टर तेवढाच, त्याच्या मागची एसटी तेवढीच, एसटीच्या पाटीचं टोक त्याच्या कानाला जिथं टेकलं होतं तिथंच माझ्याही फोटोत टेकलेलं. पाहुणा बराच वेळ एका फोटोवरून दुसऱ्यावर नजर फिरवत राहिला.

"म्हणजे हे ओझं मी उगाच वागवतोय?"

"उगाच नाही. तुमच्या फोटोत त्याच्या शर्टाची बटणं मोजता येतात. माझ्या फोटोत शर्ट घातलाय एवढंच कळतं," मी म्हटलं. खरंच, माझा तुकडा रव्यासारखा दाणेदार झाला होता. पण वर्तमानपत्राच्या कागदावर रवा आणि मैदा सारखाच छापला जातो. त्या दिवसापासून माझ्याकडे सगळ्या लेन्सा झाल्या. मी यवतमाळच्या एका दैनिकाला फोटो पाठवत असे. तिथले उपसंपादक फोनवर म्हणायचे, "हमीदभाई, लांबच्या लेन्सनं काढा, गर्दी दिसली पाहिजे." मी लांबून काढायचो आणि कापून पाठवायचो. नवीन लेन्स कधी घेतली असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नुसता हसलो. ते खोटं बोलण्यात मोडतं की नाही, याचा मी अजून निकाल लावलेला नाही.

पण कात्रीला एक गोष्ट जमत नाही. ती मला बाभूळगावच्या एका सायकल दुरुस्तीवाल्यानं शिकवली. तो मुलीला घेऊन स्थळाला दाखवायचा फोटो काढायला आला होता. माझा स्टुडिओ म्हणजे दोन खाटांची जागा. चेहरा मोठा यावा म्हणून मी तिच्या अगदी पुढ्यात जाऊन फोटो काढला. गृहस्थ भडकले.

"आमच्या पोरीचं नाक एवढं हाय का? हे नाक पाहून कोण येईन?"

मी कापून पाहिलं. वरून कापलं, बाजूंनी कापलं, नाक काही ऐकेना. शेवटी मुलीला तिथंच बसवलं, दार उघडलं, पायऱ्या उतरून पार रस्त्याच्या कडेला गेलो आणि तिथून फोटो काढला. तो कापून मोठा केला तर नाक जागेवर. बाप म्हणाला, "पाह्यलं? पह्यले मुद्दाम खराब काढलता यानं." मुलगी हुशार होती. ती म्हणाली, "बाबा, नाक तेच हाय. काका दूर गेले."

गंमत एवढीच आहे. जवळ गेलं की पुढची वस्तू फुगते आणि मागची आटते. दूर गेलं की पुढचं-मागचं सारखं व्हायला लागतं. दहा पावलांच्या अंतरानं उभी दोन माणसं तुम्ही जवळून पाहिलीत तर मागचा एवढासा दिसेल. शंभर पावलांवरून पाहिलीत तर दोघं जवळपास सारखेच. आता तेवढाच तुकडा कापून मोठा करा. पाहणाऱ्याला वाटणार, खांद्याला खांदा लावून उभे आहेत. हे काम ना लेन्स करते ना कात्री. ते पाय करतात. लेन्स आणि कात्री फक्त चौकट लहान करतात.

हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं यांचं आमच्या घरात कधी पटलेलं नाही.

गावाबाहेर एक जिनिंग होतं, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. नाव लिहीत नाही, शेठ आता हयात नाहीत. जिनिंगच्या आवारात, फाटकाच्या आत, सक्रीबाईची चहाची टपरी होती. टपरी म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचा पत्रा आणि खाली तीन दगडांची चूल. जवळच्या तांड्यावरून ती रोज पायी यायची. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून हमाल तिला याडी म्हणायचे, मग गाडीवाले म्हणायला लागले, मग मीही. माझ्या अम्मीच्या वयाची बाई. स्टुडिओ नवीन होता तेव्हापासून मी तिचा चहा पीत आलो होतो.

त्या दिवशी सकाळी काटा बिघडला होता. वजनच होईना, म्हणून कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत गेली होती. उपसंपादकांना रांगेचा फोटो हवा होता. तो मी काढला. मग जाता जाता, रस्त्यावरच्या रपट्यापाशी, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलापाशी, मागं वळून पाहिलं तर फाटकातून सक्रीबाई चुलीपाशी उभी राहून चहा गाळताना दिसली आणि तिच्या मागे कापसाची पांढरीशुभ्र गंजी. सरकीसकटच्या कापसाचा तो ढीग घराएवढा असतो. काळी बाई, पांढरा कापूस, मधे चुलीची वाफ. मी पन्नासनं टिपलं, स्टुडिओत येऊन संगणकावर कापलं आणि दुपारी सायबर कॅफेतून दोन्ही फोटो पाठवून दिले.

जवळ का गेलो नाही? तेव्हा मी स्वतःला सांगायचो की लांबून काढलं की माणसं सावध होत नाहीत. त्या वर्षांत कॅमेरा पाहिला की लोक एक तर तोंड फिरवायचे नाही तर हात जोडायचे. ते खरं होतं. पण कापता येतं हे कळल्यापासून माझे पाय आळशी झाले होते, हेही तेवढंच खरं.

दुपारी चारच्या सुमाराला गंजी पेटली. कशानं, ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही. बिडी असेल, ट्रकच्या सायलेन्सरची ठिणगी असेल. कोणाला इजा झाली नाही, पण गंजी राख झाली. मी पोचलो तेव्हा धूर तेवढा उरला होता. दैनिकाकडे आगीचा फोटो नव्हता, सकाळचा माझा होता. दुसऱ्या दिवशी तोच छापून आला, आणि खाली ओळ होती: 'आगीच्या काही तास आधी गंजीलगत पेटलेली चहाची चूल.'

'लगत' हा शब्द माझा नव्हता. पण फोटो तेच म्हणत होता.

दुपारी सक्रीबाई स्टुडिओत आली. एरवी ती गावात यायची नाही. तिनं कमरेला खोचलेला पेपर काढून टेबलावर पसरला.

"हमीद, हे तूच काढलं ना?"

"हो याडी."

"तू माह्या चुलीले गंजी टेकवली. कायले टेकवली? मी काय वाईट केलतं तुह्यं?"

तिनं सांगितलं की टपरी शेठच्या माणसांनी आज सकाळीच उपटून रस्त्यापलीकडे फेकली. शेठ पेपर दाखवून सगळ्यांना सांगतोय की आग हिच्याच चुलीनं लागली, परवा पोलिसात तक्रार देणार आहे.

"टपरी गेली तं गेली. पण तांड्यात लोक म्हणून राह्यले, सक्रीनं लोकायचा कापूस जाळला. हे मी कोठी घेऊन जाऊ?"

"चूल दूर होती ना गंजीपासून?"

"दूर म्हणजे? एवढी दूर! पण आता गंजीच नाई, तं मोजशीन कोठून? शेठ म्हणते, कापूस पार तुह्या पत्र्यापर्यंत पसरलता. हमाल त्याच्या हाताखालचे, ते काय बोलतीन?"

मी म्हटलं, "याडी, थांब. पूर्ण फोटो काढतो. त्यात सगळं आवार दिसेल." आणि संगणक उघडला. फोटो नव्हता. कात्रीच्या काळात कापलेला काठ केराच्या टोपलीत जायचा, ती सवय मी संगणकावरही पाळली होती. कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायचं, फोटो कापायचा आणि त्याच नावानं ठेवून द्यायचा. अख्खं आवार, रस्ता, रपटा, सगळं मी माझ्या हातानं टोपलीत टाकलं होतं. उरला होता तो पाचवा हिस्सा, रव्यासारखा.

तिला ते समजावून सांगताना मला जी लाज वाटली ती आजही वाटते. ती रडली नाही, ओरडली नाही. पेपराची घडी घालून बाहेरच्या बाकावर बसली.

मी त्या तुकड्याकडे पाहत बसलो. त्यात सक्रीबाईच्या मागे, गंजीच्या अगदी पायथ्याशी एक माणूस ताडपत्री ओढत उभा होता. लाल दुपट्टा, म्हणजे देवराव. जिनिंगचा सगळ्यात उंच हमाल. मशिनघराच्या दारातून वाकून जाणारा आणि तरी महिन्यातून एकदा कपाळ आपटून घेणारा. इकडे सक्रीबाई माझ्या खांद्याला लागेल एवढी. आणि फोटोत देवराव तिच्याहून बोटभर बुटका दिसत होता.

मी पट्टी घेऊन पडद्यावर मोजलं. पुन्हा मोजलं. देवराव बुटका कसा?

मी बाहेर धावलो. "याडी, देवराव तुझ्याहून उंच आहे ना?"

तिनं माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. "तो त बल्लीएवढा हाय. काहून?"

आता माझ्या डोक्यात ती कंडक्टरच्या कानाला टेकलेली पाटी आली. कापल्यानं कोण कोणाच्या आड आहे ते बदलत नाही. कोण कोणाच्या किती पट दिसतो तेही बदलत नाही. म्हणजे मी नेमका कुठं उभा होतो ते सापडलं तर गंजी कुठं होती तेही सापडणार होतं. आणि मी कुठं उभा होतो हे त्या तुकड्यातच लिहिलेलं होतं. पाण्याच्या टाकीचा डावा पाय विजेच्या खांबामागे बरोबर लपलेला, आणि शेडचा कोपरा निंबाच्या खोडाला चिकटलेला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळतील अशी जागा साऱ्या जगात एकच असणार.

मी तुकडा मोठा छापून घेतला आणि रपट्यावर गेलो. मला वाटत होतं, मी रपट्याच्या अलीकडे होतो. पण तिथून टाकीचा पाय खांबाच्या बाहेर दिसत होता. दोन पावलं मागं, चार पावलं मागं, जरा डावीकडे. गाडीवाले थांबून पाहायला लागले. शेवटी रपटा ओलांडून पलीकडच्या टोकाला, कठड्यापाशी गेलो तेव्हा पाय खांबामागे गेला आणि कोपरा खोडाला चिकटला. तिथून चुलीच्या काळ्या डागापर्यंत मी पावलं मोजली. सत्तर भरली. रोज जिचा चहा पितो त्या बाईचा फोटो मी सत्तर पावलांवरून काढला होता, आणि मला वाटत होतं की मी जवळच होतो.

मग शेठकडे गेलो. शेठ वाईट माणूस नव्हता. घराएवढी गंजी जळाली की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं, आणि त्याला एक उत्तर आयतं सापडलं होतं. मी म्हटलं, "शेठ, हा फोटो माझा आहे. तुम्ही यावर भरवसा ठेवलाय ना? मग पूर्ण ठेवा. दहा मिनिटं माझ्यासोबत रपट्यावर चला."

शेठ आला. मागे दिवाणजी, मागे अर्धं जिनिंग. सक्रीबाईला चुलीच्या डागावर उभं केलं. जुन्या पुठ्ठ्याला मी एक चौकोनी भोक पाडून आणलं होतं, कापलेल्या फोटोच्या आकाराचं. ते शेठच्या हातात दिलं आणि सांगितलं, यातून पाहा, एक डोळा मिटून. मग देवरावला तिच्या शेजारी उभं केलं.

"कसा दिसतो?"

"डबल दिसते हा तं तिच्याहून," शेठ म्हणाला. डबल नव्हता, पण शेठचा स्वभाव तसा होता.

"फोटोत कसा आहे?"

शेठनं फोटो पाहिला. पुन्हा भोकातून पाहिलं.

मी ओरडलो, "देवराव, मागं सरक!" देवराव मागं सरकू लागला. पाच पावलं, दहा पावलं. दिवाणजी माझ्या शेजारी फोटो धरून उभा. पंधरा. "अजून उंच हाय," शेठ म्हणाला. आता तो आपणहून सांगत होता, त्यालाही गोडी लागली होती. वीस. "आणखी जरासाक." पंचविसाव्या पावलाला शेठचा हात वर गेला. "बस! थांबव त्याले."

देवराव थांबला तिथं आजूबाजूला राखेचा काळा थर होता. भोकातून पाहिलं तर तो अजूनही सक्रीबाईच्या खांद्याला खांदा लावून उभा असल्यासारखा दिसत होता. भोक बाजूला केलं की मधलं पंचवीस पावलांचं मोकळं आवार दिसायचं. शेठनं पुठ्ठा चार-पाच वेळा डोळ्याला लावला आणि काढला. हमालांनी मागून लावला. दिवाणजीनं दोनदा लावला.

"पण दुपारून गंजी वाढली नसन कशावरून?" शेठनं शेवटचा प्रयत्न केला.

दिवाणजी हळूच म्हणाला, "शेठ, काटा बंद होता दिवसभर. एक गाडी खाली झाली नाई."

शेठनं पुठ्ठा माझ्या हातात दिला. माफी वगैरे मागणारा माणूस नव्हता तो. चालता चालता सक्रीबाईपाशी थांबला आणि म्हणाला, "टपरी लावून घे वं बाई. देवराव, बल्ल्या आण तिच्या." तक्रार काही गेली नाही. दैनिकानं दोन ओळींचा खुलासा छापला, आतल्या पानावर, हवामानाच्या खाली. सक्रीबाईनं तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि कापून तांड्यावर नेला.

त्यानंतर मी मूळ फोटो कधी पुसला नाही. माझी मुलं म्हणतात, अब्बांच्या घरात माणसांपेक्षा हार्ड डिस्क जास्त आहेत.

नवीन गंजी लागली, तिथंच. पंधरा दिवसांनी मी चहाला गेलो. खरं सांगायचं तर तोपर्यंत माझी हिंमत झाली नव्हती. सक्रीबाईनं मला पाहिलं, कप भरला, पण हातात दिला नाही. चुलीच्या कडेला ठेवला.

"तो डब्बा आणला का?"

"आणला, याडी."

"मंग काढ फोटो. पण अथी ये. ये, अजून ये. काहून भेतं? मी काय चावतो?"

मी इतका जवळ गेलो की चुलीची धग गुडघ्याला लागत होती. तिनं पदर सारखा केला आणि थेट लेन्समध्ये पाहिलं, हसली नाही. मी काढला आणि मागच्या पडद्यावर तिला दाखवला. ती डोळे बारीक करून पाहत राहिली. मलाच राहवेना.

"याडी, जवळून काढल्यानं नाक मोठं आलं जरा. मागं जाऊन दुसरा काढू?"

"नाक येऊ दे रे बापा," ती म्हणाली, आणि पडद्यावर, आपल्या कानामागे दिसणाऱ्या बोराएवढ्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "गंजी पाह्य किती दूर गेली."

मग तिनं कप माझ्या हातात दिला.